आकाशगंगेच्या केंद्रातील वायूची साक्ष



या व्याख्यानमालेचे चिटणीस आमच्याकडे आले तेव्हा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर आम्ही बोलावे अशी त्यांची इच्छा होती. आम्ही त्यांना म्हटले की, त्या प्रश्नावर आम्ही कारखान्याच्या गेटवर रोज बोलतो; येथे आम्हांला दुसरे काही बोलू द्या. चिटणीस सज्जन गृहस्थ आहेत. ते 'ठीक' म्हणाले, परंतु विषय ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर थोडी काळजी दिसली. ती रास्तच होती. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर, इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन झाले. तेव्हा कोठे चुकत असलो तर या सभेत शिक्षक-प्राध्यापक मंडळी बसली आहेत, त्यांनी मागाहून अवश्य उठून विचारावे. उलटतपासणीची आम्हांला सवय आहे.

विषय असा आहे. आपण ज्या आकाशगंगेत राहतो तिच्या अगदी मध्याशी वायूचे ढग फिरत आहेत. ते डोळ्यांना दिसत नाहीत; मोठ्यांत मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला तरी दिसत नाहीत. असे असूनही ते किती वेगाने फिरतात आणि कशाभोवती फिरतात हे माणसाने शोधून काढले. ते कसे काढले, आणि त्या वायूच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा याविषयी जाणत्यांत किती वर्षे खल चालला, हे आम्हांला सांगावयाचे आहे.

आरंभ फाउंड्रीपासून करतो. अवरक्त किरणांशी आमचा पहिला परिचय तेथेच झाला. त्यांना ते नाव आहे एवढेच ठाऊक नव्हते. नवा पोरगा कामावर आला म्हणजे जुने कामगार त्याला पहिल्याच दिवशी बजावतात की, लाल लोखंडाला भिऊ नकोस, काळ्याला भी. लाल रस दिसतो, त्यापासून माणूस आपोआप दूर राहतो. साचा फोडून बाहेर काढलेले कास्टिंग मात्र थोड्या वेळाने काळे पडते. दिसावयास थंड, पण अंगात चार-चारशे अंशांची धग. पोरे त्यावर हात टेकतात आणि भाजतात. जुना कामगार हात लावीत नाही. तो पंजाची पाठ वीतभर अंतरावर धरतो, क्षणभर थांबतो आणि सांगतो की अजून तासभर याच्याजवळ जाऊ नका. त्या काळ्या लोखंडातून काहीतरी निघते आणि मधली हवा ओलांडून त्याच्या कातडीला लागते. डोळ्याला जे दिसत नाही ते कातडीला कळते. हेच अवरक्त किरण. तो प्रकाशच आहे. मात्र तांबड्याच्या पलीकडचा, अधिक लांब लहरींचा.

पुस्तकांतून ही गोष्ट प्रथम मांडली ती १८०० साली विल्यम हर्शेलने. त्याने सूर्यप्रकाश लोलकातून पाडून त्याचे रंग टेबलावर पसरले आणि कोणता रंग किती तापवतो हे पाहण्यासाठी एकेका रंगात थर्मामीटर ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथल्या थर्मामीटरचा पारा सर्वांत वर चढला. हा हर्शेल मूळचा संगीतकार. इंग्लंडातील बाथ गावी तो ऑर्गन वाजवीत असे. ज्योतिःशास्त्र तो पुस्तके वाचून शिकला, दुर्बिणीचे आरसे स्वतःच्या हातांनी घासले, आणि १७८१ साली युरेनस ग्रह शोधून काढला. शाळा सुटलेल्या माणसांना हर्शेलचे नाव घेताना बरे वाटते, म्हणून एवढे सांगितले.

आता आकाशाकडे वळू. या दिवसांत रात्री अकरा वाजून गेल्यावर आग्नेयेकडे पाहिले तर वृश्चिक उगवून वर आलेला दिसतो. तांबूस ज्येष्ठा सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्यापासून खाली वळत गेलेली वाकडी नांगी म्हणजे मूळ नक्षत्र. नांगीच्या टोकापासून ईशान्येच्या अंगाला, हात लांब करून धरला तर चार-पाच बोटांवर, धनू राशीच्या हद्दीत, आपल्या आकाशगंगेचा मध्य आहे. तिसऱ्या पाळीचा चहा अडीच-तीन वाजता होतो. त्या वेळी तो बरोबर दक्षिणेस असतो. कारखान्याच्या पत्र्याबाहेर चहाचा पेला हातात घेऊन आम्ही पुष्कळ वेळा त्या जागेकडे पाहिले आहे. तेथे दिसत काहीच नाही.

मूळ नक्षत्राचे नाव निघाले म्हणून एक सांगून टाकतो. 'मूळ' म्हणजे मुळाशी असलेले. तेव्हा आकाशगंगेचे केंद्र आमच्या पूर्वजांना ठाऊक होते, असे हल्ली छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. नाव जुळले म्हणजे ज्ञान होते असे ठरत नाही. ज्ञान होते असे म्हणणाऱ्याने ते कसे मिळवले हेही दाखवले पाहिजे. आमच्या एका सोबत्याला मूळ नक्षत्रावर मुलगी झाली. घरच्यांनी शांत करावयाची ठरवली आणि त्या गड्याने सोसायटीतून कर्ज काढले. मुलगी आता नर्स आहे, बापाचे औषधपाणी तीच बघते. कर्ज फिटावयास तीन वर्षे लागली.

असो. केंद्र तेथे आहे हे प्रथम दाखवले अमेरिकेतील हार्लो शॅप्ली यांनी, १९१८ साली. ताऱ्यांचे गोल गुच्छ आकाशात सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत, त्यांची दाटी धनू राशीच्या बाजूस आहे, त्या अर्थी मध्य तिकडे असला पाहिजे आणि आपला सूर्य कडेला कोठेतरी असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. तो खरा ठरला. केंद्र आपल्यापासून सुमारे २६ ते २७ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. पण अंतर ही मुख्य अडचण नव्हे. त्याच्या कितीतरी पट लांबच्या वस्तू दुर्बिणीतून दिसतात. अडचण धुळीची आहे. मधल्या वाटेवर ताऱ्यांच्या दरम्यान बारीक धूळ पसरलेली आहे. कण एवढे लहान की एक मायक्रॉनही भरत नाहीत, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण वाट हजारो प्रकाशवर्षांची. केंद्रातून आपल्याकडे निघालेल्या साध्या प्रकाशाच्या दर लाख कोटी कणांतून एखादाच आपल्यापर्यंत पोहोचतो. बाकीचे धूळ गिळते किंवा उधळून लावते.

येथे लांब लहरींचा उपयोग होतो. ओढ्याच्या पाण्यात खांब रोवलेला असला तर बारीक तरंग त्याला अडखळतात; मोठी लाट त्याला वळसा घालून पुढे जाते. प्रकाशाचेही तसेच आहे. दिसणाऱ्या प्रकाशाची लहर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे धुळीच्या कणाच्या मापाची. ती अडते. २.२ मायक्रॉनची अवरक्त लहर घेतली तर दहा-पंधरा कणांतला एक पलीकडून सुखरूप येतो. लाख कोटींत एक आणि दहा-पंधरांत एक, हा फरक हिशेब करणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

१९६६ साली कॅलिफोर्नियात एरिक बेकलिन नावाचा एक विद्यार्थी आपले गुरू गेरी नॉयगेबावर यांच्याबरोबर माउंट विल्सनवरील २४ इंची दुर्बिणीने त्या जागेचा शोध घेत होता. दुर्बीण काही मोठी नव्हे. त्याच डोंगरावर १०० इंची उभी होती. दुर्बिणीच्या मागे डोळा नव्हता, छायाचित्राची काचही नव्हती. अतिशय थंड ठेवलेला शिशाच्या सल्फाइडचा एक तुकडा होता, त्याच्यावर अवरक्त किरण पडले की विजेत बदल होई. एका वेळी आकाशाचा एक लहानसा ठिपका मोजावयाचा, मग किंचित सरकावयाचे, पुन्हा मोजावयाचे. कास्टिंगवरून पंजाची पाठ फिरवावी तसे. असे सरकता सरकता नोंद एके ठिकाणी वर चढली, आणि ती जागा रेडिओवाल्यांनी केंद्र म्हणून सांगितलेल्या जागेशी जुळली. धुळीच्या भिंतीपलीकडचे तारे माणसाला पहिल्यांदाच जाणवले. तो शोध १९६८ साली छापून आला.

परंतु हे तारे झाले. आमचा विषय वायू आहे. त्यासाठी आणखी लांब लहरींकडे, दहा-बारा मायक्रॉनकडे जावे लागते, आणि तेथे निराळेच संकट उभे राहते. ज्या वस्तूला उष्णता आहे ती किरण टाकते. माणसाचे अंग, ही भिंत, अध्यक्षमहाराजांचे टेबल, सगळे काही दहा मायक्रॉनच्या आसपास उजळलेले आहे. आपल्याला तसे डोळे असते तर या सभागृहाचे दिवे मालवूनही आपण सगळे एकमेकांना लख्ख दिसलो असतो. म्हणजे दुर्बीणही उजळलेली, तिचा आरसा उजळलेला, वरची हवाही उजळलेली. जळत्या दुर्बिणीतून भर दुपारी तारा शोधण्यासारखे हे काम. यावर तोड काढली ती अशी की, एक लहान आरसा सेकंदाला अनेक वेळा हलवून यंत्राला आळीपाळीने तारा आणि शेजारचे मोकळे आकाश दाखवावयाचे आणि एकातून दुसरे वजा करावयाचे. दोन्हींत सारखे असलेले सगळे निघून जाते. राहते ती दूरची धग. शिवाय मोजणारे यंत्र द्रवरूप हेलियमच्या थंडीत ठेवावयाचे, म्हणजे त्याची स्वतःची धग तरी आड येऊ नये. गोंगाटात एखाद्याचे हळू बोलणे ऐकावयाचे असेल तर आधी गोंगाट नीट मोजावा लागतो, तसाच हा प्रकार.

या कामात चार्ल्स टाउन्स हे गृहस्थ उतरले. लेसरच्या मुळाशी असलेल्या संशोधनाबद्दल त्यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. पुढे बर्कली येथे गेल्यावर, पन्नाशी उलटल्यानंतर, ते या नव्या शास्त्राकडे वळले. आमच्याच वयाचे म्हणावयाचे. पन्नाशीनंतर नव्याने शिकता येत नाही असे म्हणणाऱ्यांना आम्ही टाउन्सचे उदाहरण देतो. त्यांच्याबरोबर वोलमन, लेसी असे तरुण होते. १९७० नंतरच्या दशकात या मंडळींनी आकाशगंगेच्या केंद्राकडील निऑनचा प्रकाश मोजला.

निऑन आपल्या ओळखीचा आहे. दुकानांच्या पाट्यांवर जळत असे तोच. केंद्राजवळच्या तप्त ताऱ्यांच्या जळजळीत किरणांनी निऑनच्या अणूतला एक इलेक्ट्रॉन उडवला म्हणजे तो अणू नेमकी १२.८ मायक्रॉनची लहर सोडतो. अगदी ठरलेली लहर, तराजूतल्या मापासारखी. आता आगगाडी शिटी वाजवीत आपल्याकडे येते तेव्हा शिटी चढी लागते आणि पुढे निघून गेली की उतरते, हे सर्वांनी ऐकले आहे. प्रकाशाच्या लहरीचेही तेच होते. वायू आपल्याकडे येत असेल तर लहर किंचित आखूड, दूर जात असेल तर किंचित लांब. तो 'किंचित' मोजता आला की वायूचा वेग हातात आला. टाउन्स यांच्या मंडळींना असे दिसले की, केंद्राजवळच्या प्रकाशवर्ष-दोन प्रकाशवर्षांच्या जागेतला वायू सेकंदाला दोन-दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो आहे. काही आपल्याकडे, काही आपल्यापासून दूर.

या वेगाचा अर्थ काय? खळ्यावर मळणी चालू असताना तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. तिवड्याला लागून असलेला बैल सावकाश पावले टाकतो, कडेच्या बैलाला धावावे लागते. गुरुत्वाकर्षणाच्या खळ्यात याच्या उलट आहे. जो मध्याजवळ तो धावतो, लांबचा रेंगाळतो. सूर्याजवळचा बुध सेकंदाला ४७ किलोमीटर जातो, आपली पृथ्वी ३०, आणि दूरचा नेपच्यून साडेपाचसुद्धा नाही. तेव्हा फिरणाऱ्याचा वेग आणि मध्यापासूनचे अंतर ही दोन कळली की मधल्या तिवड्याचे वजन निघते. टाउन्स यांच्या मंडळींनी ते १९७७ च्या सुमारास काढले. आकडा आला सुमारे चाळीस लाख सूर्यांचा. त्या लहानशा जागेत चाळीस लाख सूर्यांइतके काहीतरी असावे, आणि ते सर्व ताऱ्यांच्या रूपाने आहे असे काही दिसत नव्हते. केंब्रिजच्या लिंडन-बेल आणि रीस यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवले होते की आकाशगंगेच्या केंद्रात कृष्णविवर असू शकेल. १९७४ साली बॅलिक आणि ब्राउन यांना तेथे रेडिओ लहरींचा एक टाचणीच्या टोकाएवढा प्रखर बिंदू सापडला होता. सगळे एका दिशेने बोट दाखवीत होते.

आणि तरीही पुष्कळांनी ते मानले नाही. हा आमच्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे, म्हणून थोडे थांबतो.

त्यांचे म्हणणे असे होते. वेग खरा आहे, मोजणी खरी आहे. पण साक्षीदार कोण? वायू! वायू हा हलका, ढकलल्यावर जाणारा पदार्थ. शेजारच्या ताऱ्यांचे वारे त्याला लोटतात. चुंबकीय क्षेत्र त्याला ओढते. कोठे स्फोट झाला असेल तर त्याच्या धक्क्याने तो पळत असेल. तो केवळ गुरुत्वाकर्षणामुळेच पळतो आहे हे कशावरून? तारा असता तर गोष्ट वेगळी. तारा एवढा जड की वाऱ्याने तो हलत नाही. तो गुरुत्वाचेच ऐकतो. वायूवर दबाव असू शकतो, आणि दबावाखालच्या साक्षीदाराच्या शब्दावर एवढा मोठा निकाल देता येणार नाही.

हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बसलो, कारण हेच वाक्य आम्ही स्वतः एकदा उच्चारले होते. सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका फाउंड्रीत, नाव घेत नाही, वितळलेल्या लोखंडाची लॅडल क्रेनवरून नेताना कलली आणि खालच्या एका कामगाराचे पाय भाजले. क्रेन चालवणाऱ्यावर निष्काळजीपणाची चार्जशीट आली. चौकशीत त्याच्या बाजूने युनियनतर्फे आम्ही उभे होतो. ठेकेदाराचा एक हेल्पर रात्री आमच्या घरी आला आणि म्हणाला, "दादा, क्रेनचा ब्रेक तीन दिवसांपासून घसरत होता. मी बघितलंय." या हेल्परने ठेकेदाराकडून उचल घेतलेली होती, आणि आदल्याच दिवशी सुपरवायझरसमोर आपण काहीच पाहिले नाही असेही तो म्हणाला होता. आम्ही कमिटीत म्हटले, हा दबावाखालचा माणूस आहे, उद्या फिरेल, याला बोलवू नका. त्याला बोलावले नाही. कायम कामगारांपैकी दोघांना बोलावले. त्यांनी ब्रेक पाहिलाच नव्हता. क्रेनवाल्याची नोकरी गेली. पुढे दीड-दोन वर्षांनी देखभाल खात्यातला एक फिटर निवृत्त झाला. निरोपाच्या चहाला त्याने सहज सांगितले की त्या ब्रेकचे लायनर पार झिजले होते. तोपर्यंत क्रेनवाला हिशेब घेऊन गावी निघून गेला होता. हेल्परवर विश्वास ठेवला नाही याची रुखरुख आहेच; पण त्याहून अधिक टोचते ते हे की, त्याचे सांगणे आम्ही वहीत लिहूनसुद्धा ठेवले नाही. तारीख नाही, वार नाही, ब्रेक कोणत्या बाजूचा तेही नाही.

ज्योतिःशास्त्रज्ञांनी वायूला असे वागवले नाही. त्यांनी त्याचे म्हणणे आकड्यांसकट छापले, त्याच्यापुढेच आपली शंकाही छापली, आणि दुसरा साक्षीदार शोधावयास निघाले. मधल्या काळात वायूचीही अधिक बारकाईने तपासणी चालूच होती. अवरक्तातल्या फार लांब लहरी, पन्नास-शंभर मायक्रॉनच्या, जमिनीवर पोहोचत नाहीत. हवेतली पाण्याची वाफ त्या खाऊन टाकते. म्हणून अमेरिकेत एका मालवाहू जेट विमानात ३६ इंची दुर्बीण बसवली. हे 'कायपर' विमान १९७४ ते १९९५ पर्यंत चाळीस हजार फुटांवरून रात्री काढीत असे. त्यातून १९८२ मध्ये बेकलिन आणि त्यांच्या सोबत्यांना दिसले की केंद्राभोवती वायू आणि धुळीचे एक कडे आहे. आतली कड मध्यापासून सुमारे पाच प्रकाशवर्षांवर, आणि आत बरीचशी पोकळी. टाउन्स यांच्या हाताखाली काम केलेला राइनहार्ड गेन्झेल नावाचा जर्मन तरुण याच विमानातील निरीक्षणांत होता. त्या कड्यातला वायू सेकंदाला शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतो असे निघाले. हिशेब पुन्हा तेथेच, काही दशलक्ष सूर्यांपाशी, येत होता.

दुसरा साक्षीदार मिळाला तो ताऱ्यांच्या रूपाने. गेन्झेल यांच्या मंडळींनी १९९२ पासून चिलीतील दुर्बिणींवरून, आणि अँड्रिया घेझ या बाईंच्या मंडळींनी १९९५ पासून हवाई बेटातील मौना केआ पर्वतावरच्या दहा मीटरच्या केक दुर्बिणीवरून, अगदी मध्याजवळचे तारे वर्षानुवर्षे टिपले. मौना केआ आणि मुंबई यांचे अक्षांश जवळजवळ एकच आहेत. धनू राशी त्यांच्या डोक्यावर जेवढी चढते तेवढीच आपल्याही. फरक एवढाच की ते चार हजार दोनशे मीटर उंचीवर, कोरड्या हवेत आहेत. हे कामही अवरक्तातच झाले, २.२ मायक्रॉनच्या त्याच खिडकीतून. एक तारा, त्याला एस-२ म्हणतात, सोळा वर्षांत एक फेरी पूर्ण करताना सापडला. २००२ साली तो मध्याच्या अगदी जवळून गेला आणि २०१८ च्या मे महिन्यात पुन्हा गेला. त्या वेळी त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक होता आणि अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२० पट. एवढ्या आखूड वाटेत ज्याच्याभोवती तो वळला त्याचे वजन निघाले सुमारे ४३ लाख सूर्य. गेन्झेल आणि घेझ यांना २०२० चे नोबेल मिळाले, रॉजर पेनरोज यांच्याबरोबर. २०२२ साली रेडिओ दुर्बिणींनी त्या कृष्णविवराच्या सावलीचे चित्रही दिले; ते आपण वर्तमानपत्रांतून पाहिलेच असेल.

त्रेचाळीस लाख. वायूने १९७७ मध्ये चाळीस लाखांच्या आसपास सांगितले होते.

आता कोणी म्हणेल की मग शंका घेणारे चुकले. तसे आम्हांला वाटत नाही. वायूवर दबाव असतो ही गोष्टही खरीच निघाली. 'सोफिया' नावाचे दुसरे विमान, बोइंग ७४७ मध्ये अडीच मीटरची दुर्बीण बसवलेले, २०१० पासून २०२२ पर्यंत उडत होते. या विमानातून धुळीचे अवरक्त किरण कोणत्या दिशेने झुकलेले आहेत हे मोजले, तेव्हा केंद्राजवळच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषा वायूच्या ओघांबरोबर वळलेल्या दिसल्या. ते क्षेत्र वायूला वळण लावण्याइतके जोरदार आहे. म्हणजे साक्षीदाराच्या मागे खरोखरच कोणीतरी उभे होते. तरी त्याने मुख्य गोष्ट खरी सांगितली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मान्य करावयास माणसाला वेळ लागतो. आम्हांला तरी लागला.

वायू नेहमी लोकांच्या मनासारखे सांगतो असेही नाही. २०१२ साली गेन्झेल यांच्या मंडळींनी जाहीर केले की जी-२ नावाचा एक छोटा ढग, तीन पृथ्वींइतक्या वजनाचा, कृष्णविवराच्या रोखाने पडतो आहे. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. कृष्णविवर घास कसा घेते हे पाहावयास मिळणार होते. २०१४ साली तो ढग जवळून गेला, थोडा ताणला गेला, आणि पुढे निघून गेला. मोठी आतषबाजी काही झाली नाही. त्याच्या पोटात एखादा तारा दडलेला असावा असे काहींचे मत आहे. वाद चालू आहे.

केंद्रापासून थोडे दूर, काही शे प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात, वायूचा मोठा साठा आहे. तीन कोटी सूर्यांहून कमी नाही. तारे वायूपासून तयार होतात. तेव्हा एवढा दाट माल असताना तेथे ताऱ्यांची पैदास भरपूर असावयास हवी. पण हिशेबाने यावी त्याच्या सुमारे दहावा हिस्साच होते. कारखान्यात कच्चा माल रचलेला आणि उत्पादन दहा टक्के, असे झाले असते तर मालकांनी पहिली नोटीस कामगारांना दिली असती. शास्त्रज्ञ वायूची चौकशी करीत आहेत. तो वायू इतर ठिकाणच्यापेक्षा अधिक गरम आहे, अधिक खवळलेला आहे, म्हणून त्याचे गोळे जमत नाहीत, असे आता दिसते. २०२१ च्या डिसेंबरात अंतराळात सोडलेल्या वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये याच पट्ट्यातील एका भागाचे, केंद्रापासून सुमारे ३०० प्रकाशवर्षांवरच्या, अवरक्त चित्र घेतले. त्यात पाच लाखांच्या आसपास तारे मोजता येतात. आम्ही ते चित्र आमच्या युनियन ऑफिसात लावले आहे. कॅलेंडर समजून लोक त्याच्यात तारीख शोधतात.

आपल्याकडे यातले काही झाले की नाही, असे कोणी विचारील. झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटरची अवरक्त दुर्बीण बनवली आणि हैदराबादहून बलूनला टांगून तीस किलोमीटरच्या आसपास उंचीवर चढवली. आकाशगंगेच्या पट्ट्यात जेथे तारे जन्मतात तेथली धूळ आणि वायू त्यांनी मोजले. पुढे जपानी शास्त्रज्ञांचे यंत्र बसवून कार्बनच्या १५८ मायक्रॉनच्या लहरीचीही नोंद घेतली. ही बलुने हैदराबादलाच तयार होतात. प्लॅस्टिकच्या अतिशय पातळ पट्ट्या एकमेकींना जोडून. शास्त्रज्ञांची नावे निबंधावर असतात. पट्ट्या जोडणाऱ्यांची नसतात. एक सांधा सुटला तर दुर्बीण खाली येईल, एवढे आम्ही आमच्या बाजूने नमूद करतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. या सभागृहासमोर रस्त्याचे दिवे फार आहेत, त्यामुळे वृश्चिक नीट दिसणार नाही. शाळेच्या मागच्या मैदानात अंधार आहे. प्रश्नोत्तरे आटोपल्यावर आम्ही तिकडे जाऊन थोडा वेळ उभे राहणार आहोत. साडेअकराच्या सुमारास नांगी पुरती वर येईल. तेथून चार-पाच बोटे मोजून जागा दाखवू. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी यावे.